अडीचशे लिहून टाक

मोठ्या सिस्टर : अडीचशे मिली लिहून टाक. कागद कोरा ठेवून काय बघत बसलीस?

धाकटी सिस्टर : लिहिते, पण आधी पॅड काट्यावर ठेवू द्या ना. दोन मिनिटं.

मोठ्या सिस्टर : अगं, बाळंत होऊन अर्धा तास झाला तिला. बाळ दूध पितंय. सव्वीस वर्षं मी गेलेलं रक्त नजरेनेच सांगतेय. चार दिवस ट्रेनिंगला काय जाऊन आलीस, लगेच शिंगं फुटली?

धाकटी सिस्टर : शिंगं कसली, उलट भीतीच बसलीय. तिथे पॅडवर लाल पाणी ओतून आम्हाला अंदाज विचारला. वीस जणी होतो, सगळ्यांनी कमी सांगितलं. मी तर निम्मंच.

मोठ्या सिस्टर : ठेव बाई, एकदाचं समाधान होऊ दे. काटा कुठाय?

धाकटी सिस्टर : कपाटाखाली होता, खोक्यातून काढलाच नव्हता कुणी. हा दोनशे दहा ग्रॅम. हा एकशे नव्वद. तिसरा दोनशे चाळीस. कोरा पॅड चाळीसचा, तेवढं तिन्हींतून वजा केलं की पाचशे वीस. ग्रॅमला साधारण एक मिली.

मोठ्या सिस्टर : परत ठेव. काटा हलला असेल.

धाकटी सिस्टर : ठेवले. तेवढंच. आणि खालची चादर अजून धरलेलीच नाही.

बाळंतीण : सिस्टर, पंखा बंद करता? गार वाटतंय. कानात कसलातरी आवाज येतोय.

मोठ्या सिस्टर : करते हं. बाळ इकडे दे माझ्याकडे. हात किती थंड पडलेत गं तुझे.

बाळंतीण : काही झालंय का?

मोठ्या सिस्टर : रक्त जरा जास्त जातंय. आम्ही दोघी इथेच आहोत, घाबरू नकोस. — पोट मऊ लागतंय गं, पिशवी आवळलीच नाहीये, मी चोळते. तू बाळाला पाळण्यात ठेव, सलाईन लाव आणि डॉक्टरांना फोन कर.

धाकटी सिस्टर : किती गेलं म्हणून सांगू?

मोठ्या सिस्टर : पाचशेच्या वर. मोजून, असं सांग. अंदाजे म्हणालीस तर जेवण आटपून येतील.

(तासाभराने. डॉक्टर आत आहेत. दोघी बाहेर हात धुतायत.)

धाकटी सिस्टर : थांबलं बाई रक्त. वेळेत बोलावलंत म्हणाले डॉक्टर.

मोठ्या सिस्टर : ऐकलं मी.

धाकटी सिस्टर : मग चेहरा असा का?

मोठ्या सिस्टर : मागच्या वर्षी ती शिवणकाम करणारी मुलगी बाळंतपणात गेली आपल्याकडे. तिच्या कागदावर तीनशे मी लिहिलं होतं.

धाकटी सिस्टर : तिला आधीपासूनच बाकीचंही बरंच होतं, सिस्टर.

मोठ्या सिस्टर : असेल. तिच्या आईने निघताना माझे हात धरले होते. म्हणाली, तुम्ही होतात म्हणून निदान काही करायचं राहून तरी गेलं नाही.