डावखुरीची मोळी

माझं माहेर दिंद्रुडकडचं आन् सासर हे असं केजच्या अंगाला, माळावर. नाव सुभद्रा, पर ह्या गावात मला सुभद्रा कुणी मनलंच न्हाई, डावखुरी मनायचे. सासू तर पयल्याच दिवशी मनली, ही डाव्या हातानं भाकर थापती, हिच्या हातचं देवाला कसं दाखवावं. मी मनलं, देवाला नका दाखवू, तुमच्या लेकाला तर खायचीच हाय. तवापासून मी तोंडानं फटकळ, आता ह्या वयात काय सुधारती.

अंगाची हळद निघाली न्हाई तवर कारखान्याला गेलते. आमच्यात नवरा-बायकू मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला मुकादम टोळीत घेत न्हाई. आमच्या मालकांनी, मंजी नवऱ्यानं, ऊस तोडायचा, मी मोळी बांधायची आन् डोक्यावर घिऊन गाडीत टाकायची. उसाच्या वाढ्यालाच, शेंड्याच्या हिरव्या पाल्याला, पीळ घालून मोळीचा बंध करायचा. समद्या बायांचा पीळ उजवीकडं, माझा डावीकडं पडायचा. फडात मोळ्यांचा ढीग पडला तरी मालक लांबून वळखायचे, हसून मनायचे, ही आमच्या डावखुरीची. सहकारी कारखाना व्हता, गाडी रिकामी झाली की फाटकाम्होरं एक कप च्या घ्यायचो, आर्धा त्यांनी, आर्धा मी. लई कष्ट काढले बगा, पर दोघांनी काढले.

मंग मालकांना विसर पडाय लागला. पयले कोयता कुठं ठिवला ते विसरले, मंग दत्ताला, आमच्या लेकाला, तू कुणाचा रे मनले. मागल्या खेपंला फडातच चुकले, सारी टोळी काम टाकून हुडकीत व्हती. मुकादम दत्ताला मनला, फुडच्या साली बापाला आणू नको बाबा, उसात ट्रॅक्टर फिरतेत. लोकं मनले करणी हाय, कुणी मनले येड लागलं, बांधून ठिवा. मी मनलं, बैल हाय का बांधायला? केजला दवाखान्यात नेलं. डाक्टर मनले, मावशी, हे येड न्हाई, आजार हाय, बरा व्हायचा न्हाई. पर त्यांच्याशी वाद घालू नका, रागं भरू नका, हाताला वळखीचं काम द्या, माणूस निवांत ऱ्हाईल.

औंदा पाऊसच न्हाई. जनावरं गेली छावणीला, दुधाची डेअरी बंद पडली, आन् दिवाळी झाली की आख्खी गल्ली ट्रकात बसून गेली. दत्ता जायच्या आदी खोलीला भायेरून कडी बसवाय लागला. कावून रे मनलं. तर मनतो, माय, तू टँकरला गेल्यावर दादा निघून गेले तर? कडी लावत जा. बापाला दादा मनतो त्यो. मला लई राग आला. मनलं, तुला लहानपणी फडावर पाचटाच्या कोपीत कडी लावून गेलते का रे मी? आता कोपीला कडी नसतीच, ते येगळं. पोरगं खाली बघून रडलं आन् गेलं. त्याचं तरी काय चुकलं, सांगा.

आन् झालं बी तसंच. टँकर आला, मी घागर घिऊन पळाले, माघारी आले तर घर रिकामं. वरडत फाट्यापस्तोर गेले, तर तितं मालक डोक्यावर बोचकं घिऊन उभे. मला मनतात कसे, बाई, टोळीचा ट्रक गेला का? माझी बायकू यायची हाय अजून, तिच्याबिगर मुकादम घेत न्हाई. मला बाई मनले! मी तितंच मातीत बसले आन् रडून घेतलं. त्यांनीच मला उठवलं, मनले, रडू नका बाई, तुमचा बी मालक येईल.

कडी काय माझ्याच्यानं लावली न्हाई. दुसऱ्या दिवशी अंगणात वाळल्या पऱ्हाट्यांचा, कापसाच्या काड्यांचा, ढीग टाकला, जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठिवल्या आन् मनलं, मुकादमाचा निरोप हाय, मोळ्या झाल्याबिगर ट्रक यायचा न्हाई. बसले की खाली! ह्या माणसानं जल्मात मोळी बांधली न्हाई, बायाचं काम मनायचे. आन् आता बांधली तर पीळ डावीकडं. माझा पीळ. तोंड विसरले माझं, पर हात न्हाई विसरले. आता टँकर आला की मी जाते, माघारी येते तवा ते तितंच बसल्यालं असतात. दुपारी ते आडवे झाले की मी समद्या मोळ्या सोडून ठिवते, सकाळी पुन्ना त्याच. कडीला बाजाराची पिशवी आडकवली हाय.

पर एकलं वाटतं हो. गल्लीत हाक मारावी तर वं द्यायला कुणी न्हाई. दवाखान्याची आशाताई येती, गुणाची पोर, मावशी तुमी जेवलात का इचारती, पर तिच्या मागं दहा गावची कामं. शहाणपण सांगाय समदे येतात, घंटाभर ह्यांच्यापाशी बसतो, तू जरा पाठ टेक, असं कुणी मनत न्हाई. तेवढं लिवा तुमी. आज तुमी बसलात, बरं वाटलं, लेकराबाळांचं भलं व्हईल तुमच्या.

परवाची गोष्ट. त्यांचे हात दुखत व्हते मनून मीच एक मोळी बांधली. त्यांनी उचलली, बंधावर बोट फिरवलं, आन् तोंड असं फुललं बगा. मनले, आली की! आमची डावखुरी आली! मी मनलं, व्हय, आले की. पर माझ्याकडं बघितलंच न्हाई त्यांनी. मला वलांडून दाराकडं गेले, गल्लीत इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मनले, बाई, कुठं गेली ती?

वाद घालू नका मनलेत ना डाक्टर. मी मनलं, टँकरवर गेलीया, येईल. मनले, मंग तिच्यापुरती भाकर झाकून ठिवा, उपाशी असंल ती. तवापासून रोज एक भाकर झाकून ठिवते, आन् दुपारी ते निजले की मीच खाते.