पाठकोरा कागद

— तुमची सही नकोय. माझीच लागते. फक्त ते खिशातलं पेन द्या.

— देतो. बूट तरी काढू दे. कसला कागद आहे?

— विद्यापीठ सोडण्याचा अर्ज. आज शेवटचा दिवस. पाचच्या आत खिडकीवर द्यायचा.

— साडेतीन वाजलेत.

— म्हणूनच पेन मागतेय.

— अगं, पण झालं काय?

— कॉम्प्युटरच्या चाचणीचा निकाल लागला. वर्गात आम्ही त्रेपन्न जण. नापास एक.

— एक म्हणजे...

— एक म्हणजे मी.

— आणि ती तुझी वही? सगळे तीच मागतात म्हणालीस.

— तीच वाचून बाकीचे पास झाले. "काकू, वही द्या ना. काकू, फोटो काढतो." सगळ्यांच्या फोनमध्ये माझं अक्षर आहे. एकीने आज चॉकलेट दिलं. पर्समध्ये पडलंय तसंच.

— सरांचा शब्द न् शब्द उतरवतेस तू. तरी असं कसं झालं?

— उतरवते म्हणूनच. सोळा वर्षं कोर्टात स्टेनो होते. साहेब बोलायचे, हात लिहायचा. डोकं मध्ये आणलं की एक वाक्य सुटतं, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं मला. खुनाची साक्ष लिहिता लिहिता मी संध्याकाळच्या भाजीचा विचार करायचे. इथेही तेच चाललंय. सर खोकले तेसुद्धा वहीत आहे.

— खोकलासुद्धा?

— हसू नका.

— हसत नाहीये. कारखान्यातली पाळी संपवून आलोय, तोंडच तसं झालंय.

— अर्जात कारणाचा रकाना आहे. तिथेच अडलेय. बावीस वर्षांपूर्वी पदवी अर्धवट टाकली, तेव्हा लग्न हे कारण होतं. आता काय लिहू?

— माझं नाव लिही. कारखाना इकडे हलला, मी आलो, आणि तू चांगली नोकरी सोडून माझ्यामागे आलीस. ते मला रोज टोचतं.

— तुम्हाला टोचावं म्हणून नव्हते जात मी विद्यापीठात.

— मग कशाला जात होतीस? इतकी दमतेस.

— जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं लिहिली हो. एकदा मी सांगावं आणि त्या यंत्राने ऐकावं, एवढंच वाटत होतं. जाऊ दे. पेन द्या.

— शेवटचा धडा कसला होता?

— थांबा, वाचते.

— वाचू नकोस. वही मीट आणि सांग.

— तुम्ही फिटर. तुम्हाला काय कळणार त्यातलं?

— फिटरला कळलं, तर तुला कळलंय असं समजू. पेन माझ्याकडे आहे, मी लिहून घेतो. आज तू साहेब. बोला.

— कंटाळा आलाय मला.

— मलाही आलाय. बोला.

— ...शोधायचं कसं, ते होतं. समजा रॅकवर हजार फायली आहेत, नंबरवार लावलेल्या. त्यातली एक हवीय. पहिलीपासून बघत बसायचं नाही. मधली काढायची.

— हळू. "मधली... काढायची."

— आपला नंबर तिच्याहून मोठा असला, तर तिच्या अलीकडच्या सगळ्या सोडून द्यायच्या. उरल्या त्यांतली परत मधली काढायची. असं दहा वेळा केलं की हजारातली एक सापडते.

— पाइप तुंबला की आम्हीही मधलाच जोड आधी खोलतो.

— मग तुम्हाला येतंच की.

— पण फायली उलटसुलट लावल्या असतील तर?

— तर नाही चालणार. ज्या सोडून दिल्या त्यांतच आपली असली म्हणजे? आधी नंबर लावून घ्यावे लागतील. ते नसेल तर मधली काढण्याला काही अर्थच नाही.

— हे सरांनी सांगितलेलं?

— सांगितलं असेल. वहीत असेलच. पण मला... मला हे आत्ता कळलं.

— लिहू?

— लिहा. अहो, थांबा. कशावर लिहिताय तुम्ही? हा माझा अर्ज आहे.

— पाठकोरा होता. जवळ दुसरा कागद नव्हता.

— आता तो खिडकीवर कोण घेईल?

— कोणी नाही घेणार. पुढचं सांग.

— ...शेवटचं वाक्य काय लिहिलंत? वाचून दाखवा.