एकशे अडुसष्ट

(१७८८चा फेब्रुवारी. मॅसॅच्युसेट्समधल्या एका डोंगरगावातलं स्वयंपाकघर. एनॉक बॉस्टनहून चार दिवस घोडा दामटत नुकताच आला आहे. समोर वडील अबायजा आणि थोरली बहीण मर्सी.)

अबायजा : जेवण नंतर. गावाने हात वर करून तुला बॉस्टनच्या सभेला काय सांगून पाठवलं होतं?

एनॉक : देशाच्या नव्या राज्यघटनेला ‘नाही’ म्हणायला.

अबायजा : मग शाळामास्तर म्हणतो ते काय? त्याच्याकडे वर्तमानपत्र आलंय. तू त्या घटनेच्या बाजूने उभा राहिलास म्हणे.

मर्सी : बाबा, दोन घास तरी पोटात जाऊ द्या त्याच्या. एनॉक, लापशी घे, गरम आहे.

एनॉक : राहू दे, ताई. बाबा, माझं नाव पुकारलं तेव्हा मी ‘नाही’च म्हणालो. पण आम्ही हरलो. एकोणीस मतांनी.

अबायजा : हरलास, तर गप्प घरी यायचं.

एनॉक : उठून म्हणालो, मी विरोधात होतो. पण आमचं ऐकून घेतलंत, मोजणी सरळ झाली. आता गावी जाऊन सांगेन, हा कायदा आपला म्हणून पाळा.

अबायजा : हे बोलायला कुणी सांगितलं होतं?

एनॉक : कुणी नाही.

अबायजा : उद्या गावसभेत फाडून खातील तुला. मी अडवणार नाही. इंग्लंडचा एक राजा घालवायला लढाईत माझा पाय गेला. तू दुसरा बसवून आलास.

एनॉक : राजा कसला? राष्ट्राध्यक्ष असेल तो, चार वर्षांनी त्याला पुन्हा निवडून यावं लागणार. कायदा करायचा तर दोन सभागृहं. एकात माणसांच्या संख्येवर जागा, दुसऱ्यात लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला दोनच. वर न्यायाधीश निराळे. सगळे एकमेकांवर डोळा ठेवून.

मर्सी : म्हणजे आपलंच घर की. मालक बाबा, पण आम्हाला विचारल्याशिवाय गाय विकता येत नाही.

अबायजा : तू थांब गं. आणि लोकांचे हक्क? त्यांची यादी कुठाय त्यात?

एनॉक : तेच आम्ही धरून बसलो होतो. म्हणून होकारासोबत हव्या त्या दुरुस्त्याही लिहून पाठवल्या.

अबायजा : त्या कुणी केल्या नाहीत म्हणजे?

एनॉक : पुन्हा मागू. बाबा, आपला धाकटा सायलस, त्याचं तरी काय चुकलं होतं? कर्जाचं, करांचं गाऱ्हाणं खरंच होतं त्याचं. कुणी ऐकलं नाही, म्हणून गेल्या हिवाळ्यात बंडवाल्यांबरोबर सरकारवर बंदूक घेऊन गेला.

मर्सी : एनॉक, नको. त्याचं नाव नको काढूस.

एनॉक : बोलू दे, ताई. आपण त्याचं प्रेत बर्फातून उचलून आणलं. बॉस्टनला त्या दिवशी एकशे अडुसष्ट माणसं हरली, बाबा. त्यातले काही सायलसच्याच बाजूचे. मी बघत होतो. एकाचाही आवाज चढला नाही. टोप्या घातल्या, जिंकलेल्यांचे हात हातात घेतले आणि आपापल्या गावच्या वाटेला लागले.

मर्सी : बाबा?

अबायजा : किती म्हणालास?

एनॉक : एकशे अडुसष्ट.

अबायजा : देवाची कृपा. सात वर्षं लढलो आम्ही. असं हरता येतं, हे कधी मनात आलं नाही.

मर्सी : उद्याच्या सभेत काय करणार तुम्ही?

अबायजा : माझं मत ‘नाही’च. ते बदलायचं नाही.

एनॉक : नका बदलू.

अबायजा : पण सभेत आधी मी उठेन. सांगेन, हरून आलेला हा माणूस माझा मुलगा आहे, त्याचं पुरतं ऐकून घ्या.