ड्वेनची बत्तीस सालची पावली

हॅलो? … हॅलो, कोण? बर्नी! अगं, जरा मोठ्यानं बोल, दुकानात आहे मी, सगळी मशिनं गरगरतायत… हो ना, थंडी म्हणजे काय विचारू नकोस, घराघरांतले नळ गोठलेत, अख्खं गाव धुणं घेऊन आमच्याकडेच… काय? कोण म्हणालं?

फिलिस? … आणि फिलिसला कुणी सांगितलं? … बरं, म्हणाली काय, ते तर सांग. … "तुझ्या मेहुण्याचं डोकं फिरलंय." हं. … "हाती आलेलं घबाड देऊन आला." हं, हं… झालं तुझं? आता सख्ख्या बहिणीच्या तोंडून ऐक. … नाही, आधी ऐक. मग काय ते बोल.

ड्वेनचा नाणी जमवायचा नाद तुला माहीतच आहे… अगं, नाद कसला, व्यसनच! मी कुठं नाही म्हणते? दारुडा परवडला, तो निदान पिऊन झोपतो तरी. … हो, हो, आठवतंय. तुझ्या लेकीच्या लग्नात बारवाल्याचा गल्ला उपसत बसला होता. आणि चर्चमध्ये? दानाची थाळी आली की हा नोट टाकणार आणि आतली नाणी चिवडणार. पाद्रीबाबा वरून बघतायत, मी मान खाली घालून बसलेय… अगं, जिकडंतिकडं लाँड्रीत नाण्यांऐवजी कार्डं आली, हा ऐकेल तर शपथ! "कार्डाच्या मशिनातून काय पडणार, मार्लिस? धूळ?"

तर तो निळा पुठ्ठा… तोच, आमच्या जेवणाच्या टेबलावर कायम उघडा पडलेला. गोल गोल भोकांचा. प्रत्येक भोकाखाली साल छापलेलं. पाव डॉलरची त्या त्या सालची पावली शोधायची आणि भोकात बसवायची. विकत घ्यायची नाही हं, ही ह्याची शपथ! आमच्या मशिनात लोक टाकतात, त्यातलीच हवी. लग्न झाल्यापासून चाललंय. सगळी भोकं भरली, एक सोडून. एकोणीसशे बत्तीस सालची, डेन्व्हरच्या टांकसाळीतली. गरुडाच्या पायाखाली बारीकसा "डी" असतो. … अगं, मिळत नाही! पाडल्याच फार थोड्या होत्या.

तर गुरुवारी दुपारी मी मागं टॉवेलांच्या घड्या घालतेय, आणि हा हाक मारतो, "मार्लिस…" आवाज असा की हातातला टॉवेल तिथंच टाकला. धावत आले, तर हा मशिनासमोर जमिनीवर बसलेला. तोंड पांढरंफटक. म्हटलं, संपलं, हृदयच गेलं ह्याचं! ॲम्ब्युलन्सला लावायला फोनसुद्धा उचलला… आणि ह्यानं मूठ उघडली.

… तीच! बत्तीस सालची, "डी"सकट! अगं, मी नाचले! साबणाच्या खोक्यांमधून नाचले, गिऱ्हाइकं बघतायत… आणि हा? हा जागचा हलेना.

… ऐक ना, तेच सांगतेय. म्हणाला, "ही एकटी नाही आली." त्याच मशिनाच्या पेटीत आणखी पावल्या होत्या, अस्सल चांदीच्या, सगळ्या त्याच काळातल्या. लख्ख. चुकून एखादी येते गं, अशी ओंजळभर येत नाही. म्हणाला, "कुणाचा तरी पुठ्ठा रिकामा झालाय."

… हो बाई, कायद्यानं आमच्याच! फिलिसचा नवराही काउंटरला टेकून हेच म्हणत होता, पेटीत पडलं ते दुकानाचं. ड्वेननं पावल्या रुमालात बांधल्या. घरी आला. त्याच्या आवडीचा खिमा-बटाटा भाजून ठेवला होता, शिवला नाही. पुठ्ठ्यासमोर बसून राहिला. पावली भोकाजवळ न्यायची… आणि मागं घ्यायची. … नाही, बसवली नाही. मीच म्हटलं, अरे, एकदा बसवून तर बघ! तर म्हणतो, "आत गेली की मी ती काढू शकणार नाही. मी मला ओळखतो."

… माहीत होतं ना कुणाची ते! गर्दीमुळं हा तासातासाला पेट्या उपसत होता, आणि मधल्या वेळात त्या मशिनावर एकच बाई धुऊन गेली होती. रोशेल. … तू नाही ओळखत. टर्की कोंबड्या कापायच्या कारखान्यात आहे, धान्याच्या कोठारामागं भाड्यानं राहते. बाप होता, एमिल, तो पानगळीत गेला. आता एकटीच.

शनिवारी गेलो दोघं तिच्याकडे. ह्यानं चांगला कोट घातला होता, बर्नी! तिला वाटलं, मशीन बिघडलं म्हणून भांडायला आलोत. ड्वेननं विचारलं, "वडील नाणी जमवायचे का?" तर लाल झाली बिचारी. नळ गोठलेला, कामाचे कपडे मळलेले, घरात सुटे नाहीत… बापाच्या जुन्या चिल्लरीतली घेतली म्हणाली. "पावली ती पावलीच ना?"

आणि पुठ्ठा आणला तिनं. … हो! निळाच! खालच्या ओळी भरलेल्या, वरची उघडी बोडकी. ड्वेन टेबलाशी बसला आणि एकेक पावली परत बसवत गेला. शेवटी ती. अंगठ्यानं दाबून बसवली गं…

… सांगितलं की, काय मोलाची आहे ते सगळं सांगितलं. ती तोंडावर हात धरून बसली. आणि मग काय केलं माहितीये? पुठ्ठा ह्याच्याकडे सरकवला. "तुम्हीच काढून घ्या ती, मी तर धुण्यात घालवली होती."

… थांब, सांगते! बर्नी, देवाशपथ, मला वाटलं, घेतो आता. हात उचललाच होता त्यानं. … नाही गं. हात उचलला आणि पुठ्ठा मिटला. म्हणाला, "एमिलनं हिची किती वाट बघितली असेल, ते मला कळतं." बस. उठलाच.

ट्रकमध्ये येऊन बसलो. बघते तर हा हसतोय! म्हणतो, "मार्लिस, ऐकलंस? दाबली तेव्हा टक् झालं." … टक्! "तो आवाज एकदा ऐकायचा होता मला. ऐकला. पुठ्ठा कुणाचा का असेना."

… बर्नी? … रडतेयस?

वेडा तर आहेच. वेड्याशीच संसार केलाय मी, मला काय नवीन? पण परवापासून ह्या गावातून मी कशी चालते, येऊन बघ. छाती काढून!

… काय? त्याला देऊ फोन? आत्ता? … काय बोलायचंय? … अच्छा, माफी मागायचीय. … नाही, नाही, फोनवर नको. इतकी वर्षं त्याला भरल्या ताटावर, चारचौघांत "चिल्लरशेठ" म्हणत आलीस ना? मग हेही चारचौघांतच बोल. रविवारी चर्च सुटलं की जेवायलाच ये. आणि येताना फिलिसला घेऊन ये. … हो, नवऱ्यासकट! ठेवते.