मावशीची अर्धी भाकरी

जेवणाऱ्याला भीती घालणाऱ्यांनो, तुमच्या व्हिडिओंनी माझ्या मावशीची अन्नावरची वासनाच घालवली होती! वजनाच्या धास्तीनं बाई सहा महिने उकडलेल्या भाज्यांवर होती.

येळवशीला, म्हणजे शेतात जेवायच्या वेळ अमावास्येच्या सणाला, सोनपेठजवळ तिच्याच शेतात सगळे जेवायला बसलो. आमच्या ताटांत बाजरीची भाकरी, सगळ्या भाज्या एकत्र करून शिजवलेली भज्जी, गार आंबील. तिच्या ताटात नुसती काकडी. माझं डोकंच फिरलं.

“मावशी, भूक आहे तेवढं आवडीनं खा, आणि पोट बास म्हणालं की थांब. दुसऱ्या कुणाचं ऐकू नको.”

“आन् वजन वाढलं म्हंजी?”

“मला धर!”

तिनं अर्धी भाकरी भज्जीसोबत सावकाश खाल्ली, वर वाटीभर आंबील प्याली आणि हात धुतला. “बास. लय दिवसांनी जेवले बघ.”

मी जिंकलो! त्या आनंदात भूक कशी ओळखावी यावर माझं भाषण चालूच राहिलं, आणि शेजारच्या शेतातल्या काकू माझ्या ताटात वाढतच राहिल्या. शेवटी उठायला गेलो तर उठवेना. तसाच झाडाला टेकलो.

काकू भांडी आवरत म्हणाल्या, “पोटाचं मावशीनं ऐकलं. तू नुस्ता सांगतच बसलास, बाबा.”