बेरिंग बसलं, प्लेट राहिली

(गोडादऱ्यातली एक गल्ली, रविवारची दुपार. शाळेच्या मुलांची व्हॅन मागून विटांवर चढवलेली, एक चाक काढलेलं. घराच्या पायरीवर सासरे चिंधा बसलेत. त्यांचा घरजावई योगेंद्र खाली फरशीवर, लोखंडी एक्सल मांडीशी धरून घामाने निथळतोय. लेक उज्ज्वला आत-बाहेर करतेय.)

चिंधा : असं नही, जावईबापू, असं नही! बेरिंगवर हातोडी मारस का कोनी? पाइप लावा, पाइपवर मारा.

योगेंद्र : पाइपवरच मारतोय, मामा.

चिंधा : वाकडं जाई राह्यनं. माले आठून दिसस.

योगेंद्र : तुमच्या नजरेतून काही सुटेल तर शपथ!

चिंधा : सुटीन कशी? जिंदगी लूमवर गयी मनी. हजार धागास्मा एक तुटना, तरी चालता चालता हात लागे. ह्या व्हॅननी घरघर बी पहिले कोनी ऐकी? तुम्ही म्हनेत, टायरना आवाज शे.

योगेंद्र : बसलं! बेरिंग बसलं बघा, एकदम बराबर. आता ते धरून ठेवणारी रिंग राहिली.

चिंधा : तेच खरं काम शे. रिंग तापाडीसन टाकनी पडस. एकदा थंडी व्हयनी का मंग तिना बाप बी काढू शकाव नही. उज्ज्वला! तापनी का रिंग?

उज्ज्वला : तापतेय, आबा! माझा भाकरीचा तवा गेला कामातून. आता कळण्याची भाकरी खा लोखंडाच्या वासाची.

चिंधा : खासू. तू आठेच शे ना कराले, मंग काय.

योगेंद्र : मामा, जरा शेजारच्या सुकलालभाऊंकडून सांडशी आणता? आपली पक्कड आखूड पडते. हात भाजेल माझा.

चिंधा : आनस. गुडघं कुरकुर करस, पन आनस. मी येवापर्यंत हात लावू नका कसालेच.

उज्ज्वला : गेले?

योगेंद्र : गेले. हळू बोल.

उज्ज्वला : सांगितलंत त्यांना?

योगेंद्र : अगं, चाक तर बसू दे.

उज्ज्वला : आधी म्हणालात दिवाळी होऊ दे. मग म्हणालात आखाजी होऊ दे. लोकांच्या पोरी आखाजीला माहेरी येतात, चार दिवस झोका खेळतात आणि जातात. मी तीन वर्षं झाली, झोक्यावरच! आता म्हणे चाक बसू दे. उद्या सकाळी चलथाणला कारखान्यावर हजर व्हायचंय तुम्हाला. नाही झालात तर ड्रायव्हरची जागाही गेली आणि क्वार्टरही गेलं. पुन्हा कोण ताटात वाढून ठेवणार आहे?

योगेंद्र : कळतं गं मला.

उज्ज्वला : काय कळतं? आई गेली तेव्हा दोन महिन्यांसाठी आलो होतो आपण. आणि चलथाण काय विलायत आहे? रिक्षा बदलत गेलं तरी तासाभरात पोचतो माणूस. दर रविवारी येऊ की आबांकडे.

योगेंद्र : हे तू मला सांगतेस तेव्हा किती सोपं वाटतं! त्यांच्यासमोर बसलो की जीभ टाळ्याला चिकटते. ह्या घरात कूस बदलायची तरी मी विचार करतो, माहितीये? जावईबापू इकडे बसा, जावईबापू पाणी घ्या. इतक्या मानाने बोलतात की तोंडच उघडत नाही. एखादी शिवी घातली असती तर बरं झालं असतं, त्याच दिवशी निघालो असतो.

उज्ज्वला : मग मी सांगते.

योगेंद्र : नको, नको. तू सांगितलंस तर म्हणतील, जावयाने पोरीला पढवलं. मी गाडी धड करून त्यांच्या हातात देतो. दुसरा ड्रायव्हर बघून देतो. त्यांचा गुडघा ब्रेकवर चालत नाही, त्यांना असं अर्ध्यात सोडून गेलो तर माणूस म्हणायचं का मला?

उज्ज्वला : रिंग बसली की बोलायचं. घ्या माझी शपथ.

योगेंद्र : बरं बाई, तुझी शपथ. आले बघ ते. जा, रिंग बघ.

चिंधा : ही ल्या सांडशी. सुकलाल इचारे, रविवारना दिन इतली काय घाई? मी म्हनं, सकाय शाळानी फेरी शे ना आमना जवाईले.

योगेंद्र : उज्ज्वला, आण! फटाफट! थंड झाली तर मधेच अडकेल.

उज्ज्वला : सरका, सरका, भाजेल कोणाला तरी!

चिंधा : सरळ धरा. अजून सरळ. आते सोडा!

योगेंद्र : गेली! गेली मामा, थेट बेरिंगपर्यंत!

चिंधा : शाब्बास. हात लावू नका आते. थंडी होऊ द्या.

उज्ज्वला : बसली ना? पक्की?

चिंधा : पक्की म्हंजे? आते ती हालाव नही.

उज्ज्वला : मग घ्या चहा. आणि बोला, अहो.

योगेंद्र : हो. मामा, एक बोलायचं होतं.

चिंधा : बोला ना, जावईबापू.

योगेंद्र : ते आपलं... ब्रेकचा ड्रम पुसून घेऊ का आधी?

उज्ज्वला : देवा रे! ड्रम मी पुसते. आबा, जरा सरका, कप कुठे ठेवू? ही काय ताटाएवढी प्लेट मांडून ठेवलीय पायरीवर? कशाची आहे? अहो, तुम्हाला विचारतेय. तोंड का असं झालं?

योगेंद्र : ब्रेकची प्लेट आहे ती.

उज्ज्वला : मग लावा की.

योगेंद्र : आता नाही लागत. ती आधी ओवायची असते एक्सलवर. तिच्यावर बेरिंग, मग रिंग. आता रिंग कापायची, बेरिंग तोडायचं आणि दुसरं नवं आणायचं. आज रविवार, दुकान बंद.

चिंधा : व्हस भूल माणूसनी. सकाय नही ते परवा गाडी चालू व्हई. काय बिघडनं?

उज्ज्वला : आबा, माझ्याकडे बघा. हजार धाग्यांतला एक तुटलेला दिसायचा तुम्हाला. सकाळपासून बिचाऱ्यांना एक ठोका धड मारू दिला नाहीत. आणि मांडीला टेकलेली ही एवढी मोठी प्लेट दिसली नाही?

चिंधा : दिसनी.

उज्ज्वला : मग बोलला का नाहीत?

चिंधा : कसाले बोलू? फळीवरना डबा रोज एक कमी व्हस. खाटना खाले खोकं भराई राह्यनं. माले काय समजत नही? तुनी माय गयी तवयपासून ह्या घरमा मनासंगे कोनी बोलस ते तुम्ही दोन्हीच. मी म्हनं, गाडी बंद राहीन ते जावाव नहीत. भ्याव वाटनं माले, बेटा.

योगेंद्र : मामा, एवढा घाम गाळला मी. तुम्ही मला फसवलंत.

चिंधा : फसाडं. मान्य शे. पन जावईबापू, ती प्लेट मी एकलानीच देखी का?

योगेंद्र : म्हणजे?

चिंधा : रिंग सांडशीमा व्हती, तवय तुम्हनी नजर पायरीवर उनी. प्लेटवर टेकनी. मंग मनाकडे देखं तुम्ही, नि नजर फिराई लिधी. मी म्हनं, जवाईच बोलत नही ते मी कसाले बोलू?

उज्ज्वला : अहो?

योगेंद्र : अगं, हातात तापलेली रिंग होती. एक क्षण...

उज्ज्वला : खरं का खोटं, एवढंच सांगा.

योगेंद्र : खरं आहे. वाटलं, आजचं बोलणं टळेल.

उज्ज्वला : माझी शपथ घेऊन पाच मिनिटंही झाली नव्हती.

योगेंद्र : नव्हती.

उज्ज्वला : वा! एकाला मी जायला नको, दुसऱ्याला तोंड उघडायला नको. आणि मी येडी आत तव्यावर रिंग भाजत बसले! राहू दे गाडी विटांवर. सुकलालकाकांचा टेम्पो सांगते मी. ज्याला यायचं त्याने यावं, नाहीतर एकटी जाऊन त्या क्वार्टरचं कुलूप उघडते.

योगेंद्र : उज्ज्वला, थांब. मामा, ऐका. उद्या सकाळी मी चलथाणला कामावर हजर होतोय. आम्ही आज संध्याकाळी निघतोय. पोरांच्या फेरीसाठी माणूस मी बघून देईन, पण मी आता राहत नाही.

चिंधा : बोलनात एकदाना.

योगेंद्र : तुम्हीपण चला ना. दोन खोल्या आहेत तिथे.

चिंधा : पोरगीना घर राहू? घरजवाई ऐकेल शे, घरसासरा कोनी ऐका का कधी?

उज्ज्वला : आबा, मस्करी नको. मला आता रडू येईल.

चिंधा : रडू नको. खोकं बांध नीट, काच शे त्यामा. नि मना मोबाइल दे पहिले. पोरस्ना मायबापस्ले सांगनं पडी... हॅलो, प्रमिलाबाई? चिंधा बोलस, व्हॅनवाला. सकाय पोरगीनी दुसरी सोय करा... नही, गाडी व्हई जाई नीट, गाडीनं काय नही. जवाई चालना मना, चलथाणले. पोर बी चालनी... मी? मी कोठे जासू, बाई. मी आठेच शे.