एक कुठंय?

आरं, सरका जरा, शेकोटीत लाकूड घाला आन् ऐका. हसायचं आसंल त्येनं आत्ताच हसून घ्या.

ही गोष्ट आमच्या यसुआक्काची. माझी थोरली आत्या. हाडं बसवायची. खांदा उतरू दे, मनगट सरकू दे, आक्कानं हात लावला की कटकन् जाग्यावर! त्या दिशी पल्याडच्या वाडीत कुनाचा तरी खुबा बसवाया गेली आन् तितंच रात झाली. "ऱ्हावा आक्का," म्हनली मानसं. पर घरी म्हस व्यायला झालेली. ऐकतीया व्हय ती! निगाली. आन् वाट धरली कुठली? वढ्याची!

वढ्यात उतरली तर वाळूत एक म्हातारा बसलेला. "आक्के, मनगट सरकलंय गं. बसव की." आक्काला दया आली. त्येचा हात धरला, जरा वढला. आन् काय सांगू! सगळा हात तिच्या हातात! रगात न्हाई, काय न्हाई. पांढरं, कोरडं हाड!

आक्का किंचाळली. पळाया गेली तर पाय उचलंनात. आन् त्यो बसल्याजागी ढासळला की! खळ्ळकन्! वाळूत नुसता हाडांचा ढीग. आन् ढिगातनं आवाज, "लाव. लांब लांबात, चपटी चपट्यात, बारकी बारक्यात."

आक्काचे हात आपले आपुन चालाया लागले. मांडीचं लांब हाड एकीकडं ठिवलं, तशी तिचीच मांडी लुळी पडली. कवटी चपट्यात ठिवली, तर डोस्कं थंडगार. बरगड्या लावल्या आन् दम कोंडला. कळलं का काय चाललंय? ढीग त्येचा, पर हाडं तिची जात हुती!

"आता मोज," त्यो म्हनला. "एक बी सुटता कामा न्हाई. मोजून पुरी झाली की तुझी सगळी माझी."

आक्का रडाया लागली. "सोड रं बाबा, म्हस आडलीया घरी." सोडतोय कुठला! तिची जीब बी आता त्येचीच. मोजाया लागली. लाभ... दोन... तीन...

आता हे शाळंतलं पोरगं म्हनंल, लाभ काय? आरं, खळ्यावर धान्य मोजताना पयल्या मापाला एक म्हनतो का आपुन? लाभ म्हनतो. आक्काचा जलम खळ्यावर गेला. तिच्या तोंडात दुसरं यील कसं?

दोनशे झाली. वर सा झाली. सपली. आक्कानं डोळं मिटलं, आता मेले म्हनून.

तर बारीक आवाज आला.

"एक कुठंय?"

"आँ?"

"दोन हाय. तीन हाय. एक कुठंय?"

आन् लागला की धुंडाया! लावलेली हाडं फेकतोय, वाळू उकरतोय, "एक कुठंय, एक कुठंय!" जसजशी हाडं इस्कटली तसतसं आक्काच्या पायात बळ आलं. उठली आन् जी सुटली ती गोठ्यातच यिऊन पडली. कुनब्याचं भूत आसतं तर लाभ कळला आसता त्येला, आन् आक्का काय घरी येत न्हवती.

म्हनून सांगतो, दिस मावळल्यावर वढ्याच्या वाटंला जायाचं न्हाई. किती बी घाई आसू दे. त्येला एक अजून घावला न्हाई. आन् एकटा मानूस दिसला की त्येला वाटतं, हाच त्यो एक.

आरं ए सर्जेराव, कुठं निगालास? बस खाली. दोघं मिळून जावा.